डाव्या चाकाचा लेखी खुलासा

घरची मागची ओसरी, अड्याळजवळ
होळीनंतरचा शनिवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप पुंडलिकमामाजी यांना प्रविणचा वाकून नमस्कार, अन् मामीलाही तेवढाच वाकून. तुमचा बीपी अन् मामीची शुगर दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, फक्त गाडी अन् आपली धाकटी हर्षा सोडून.

हे पत्र लिहायला बावीस दिवस उशीर झाला हे आधीच कबूल करून टाकतो. कारण आळस नाही, रिफिल आहे. तुम्ही फोनवर म्हणाले होते ना, की तोंडी काही सांगू नको, तिन्ही बेरिंगचा लेखी खुलासा पाठव, आमच्या कंपनीत नट तुटला तरी लेखी घेतो. त्याच दिवशी मी वही घेऊन बसलो होतो. "तीर्थरूप" एवढं लिहून झालं अन् पेन बंद पडला. रिफिल आणायला अड्याळला गेलो तर बस स्टँडवर माझा दोस्त मनिष भेटला. त्याला साकोलीकडे एका राइस मिलमध्ये कामाचं विचारायला जायचं होतं अन् एकट्याला लाज वाटत होती. मी म्हटलं, चाल, जाऊन येऊ. चार दिवसांनी घरी आलो तेव्हा खिशात एक कंगवा होता, उकडलेल्या शिंगाड्याची पुडी होती, अन् रिफिल नव्हती. (मनिषला काम लागलं नाही. मला लागत होतं, पण मी म्हटलं मी तर नुसता सोबत आलो.) दुसऱ्या खेपेला रिफिल आणली तर वही सापडेना. ती आईने बियाण्याच्या पुड्या बांधायला घेतली होती. तुमच्या नावाच्या "तीर्थरूप" पानात सध्या दोडक्याचं बी आहे.

तर आता खुलासा. पण मामाजी, तुम्हाला वाटत असेल की प्रश्न गाडीचा आहे, कारण गाडी बारा वर्षं तुमच्या हाताखाली होती, अन् आमच्या बाबांनी, म्हणजे तुमच्या भाऊजी मारोतरावांनी, गावभर सांगून ठेवलं आहे की साळ्यानं घरच्या घरी चुना लावला. तसं मनावर घेऊ नका. गाडी आज ना उद्या भंगारात जाईल, तिचं काय. प्रश्न हर्षाचा आहे. अड्याळच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या हेमराजचं स्थळ तिला आलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. (खरं म्हणजे स्थळ आलं नव्हतं, दोघांचं आधीच ठरलं होतं. आम्ही नंतर पोहे करून ते रीतसर करून घेतलं.) त्याची आई रंभाबाई येऊन गेली, आपली आई जाऊन आली, बाबांची मानही वर-खाली हलली. अन् मग त्याच हेमराजने बाबांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात नवीन बेरिंग टाकलं. ते तीन महिन्यांत गेलं. दुसरं टाकलं, ते एकोणीस दिवसांत. तिसरं टाकून आता सहा आठवडे झाले, अन् तेही महिन्याभरापासून घुंई करून राहिलं आहे. मागच्या रविवारी बाबांनी भर आंगणात, चार माणसांसमोर त्याला म्हटलं,

"ज्याच्या हातचं चाक तीन महिने टिकत नाई, त्याच्या हाती पोरगी कशी देऊ?"

अन् तो हेमराज, ज्याच्याकडे ट्रॅक्टर अन् धान मळायचं मशीन घेऊन चार-चार गावचे लोक येतात, तो मान खाली घालून काय म्हणाला माहीत आहे?

"माहीच चूक असन, काकाजी."

झालं. गुन्हेगारानं स्वतःच कबुली दिली म्हटल्यावर बाबांचं काम सोपं झालं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन (तशीच घुंई करत) ते सानगडीला गेले अन् तिथल्या धर्मेंद्र नावाच्या मुलाच्या घरच्यांना पुढच्या रविवारचं (उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या) आमंत्रण देऊन आले. मुलगा पतसंस्थेत बसतो. बाबांना तो फार आवडला. तो दिवसभर खुर्चीतून उठत नाही, म्हणजे त्याच्या हातून काही बिघडण्याचा प्रश्नच नाही.

आता नवीन टाकलेलं बेरिंग लवकर का जाते, या विषयावर आमच्या गावात जेवढा अभ्यास झाला तेवढा तुमच्या कंपनीतही झाला नसेल. पानठेल्यावर रोज बैठक बसायची. पहिलं मत रोडवर गेलं. रोड खराब आहे म्हणून बेरिंग जाते असं म्हणणारे सगळेच्या सगळे त्याच रोडवर स्वतःच्या गाड्या चालवतात अन् त्यांचे बेरिंग शाबूत आहेत, पण हा मुद्दा काढला की लोक सुपारी कातरायला लागतात. दुसरं मत होतं की माल डुप्लिकेट. ते हेमराजनेच संपवलं, डबा अन् त्यावरचा नंबर घेऊन आला अन् सगळ्यांच्या हाती फिरवला. सगळ्यांनी तो डबा उलटासुलटा करून पाहिला, एकानं वास घेतला, अन् माल खरा आहे असं ठरलं. तिसरं मत वजनाचं. बाबा मागच्या सीटवर धानाची पोती टाकून नेतात, पण मागची पोती पुढचं एकच डावं चाक कसं खातात असं विचारल्यावर लोक परत रोडवर आले. मग शेजारच्या काकूनं नजर लागल्याचं काढलं अन् आईने डाव्या चाकाला लिंबू-मिरची बांधली. ती पहिल्याच खड्ड्यात पडली. काकू म्हणाली, पाह्यलं, किती जबर नजर होती.

आवाजाचंही सांगून ठेवतो, तुम्हाला लेखी पाहिजे म्हणून. गाडी चाळीसच्या वर गेली की चक्कीत दळण टाकल्यासारखा आवाज येतो. उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येते अन् आवाज वाढते. डावीकडे वळली की एकदम शांत. हे बाबांच्या ध्यानात आल्यावर त्यांनी त्यावर स्वतःचा इलाज काढला. जिथे जमेल तिथे डावीकडे वळायचं. एक दिवस ते अड्याळला किराणा आणायला निघाले अन् पवनीला पोचले. तिथून फोन केला की आज गाडी एकदम मस्त चालली.

मी स्वतः या विषयात पडलो ते दुसरं बेरिंग गेल्यावर. त्याआधी मी हैदराबादेत होतो, तिथून नागपूरला घरोघरी पार्सल पोचवायच्या कामावर, मधात थोडे दिवस कुठेच नव्हतो. (आयटीआयचं म्हणाल तर फिटर ट्रेडला मी पूर्ण दोन महिने होतो. लोक समजतात मी पळून आलो, पण मी फक्त जेवायला आलो होतो, परत जायचं राहून गेलं.) तर मी हेमराजच्या गॅरेजवर जाऊन बसलो अन् म्हटलं, भाऊ, तू मला नीट समजावून सांग, नवीन बेरिंग लवकर का जाते. माणूस बोलायला लागला की समजते त्याला कशाचं वेड आहे. जो माणूस हर्षासमोर तीन वाक्यं सलग बोलू शकत नाही तो बेरिंगवर पाऊण तास बोलला. म्हणाला, पाच कारणं आहेत. एक, बसवतानाच मरते. बेरिंग प्रेसवर दाबून बसवायचं असते, पण लोक हातोड्यानं ठोकतात. त्यातही बाहेरच्या कड्याला दाब द्यायचा सोडून आतल्या कड्याला ठोकतात, मग तो मार गोळ्यांमधून जाते अन् आतल्या गुळगुळीत रस्त्यावर बारीक बारीक खड्डे पडतात. बाहेरून काही दिसत नाही. दिसते ते महिन्याभरानं, कानाला. (हे सांगताना तो माझ्याकडे का पाहत होता कोण जाणे.) दोन, ज्या घरात ते बसते ते घरच झिजलेलं किंवा खरडलेलं असलं तर नवं बेरिंग त्यात सैल राहते. तीन, हात, कपडा, जागा, कशालाही रेती लागलेली असली तर ती ग्रीससोबत आत जाते अन् रोज थोडं थोडं खाते. चार, मधला मोठा नट. तो जुनाच परत लावला, किंवा पान्यावर उभं राहून आवळला, किंवा ढिला ठेवला, तिन्ही तऱ्हेनं मरण. त्याला मोजून आवळायचा पाना वेगळा असते, अन् तो हेमराजकडे आहे, फडक्यात गुंडाळून, देव्हाऱ्याखालच्या पेटीत.

मी म्हटलं, अन् पाचवं?

तो गॅरेजात उभ्या असलेल्या बाबांच्या गाडीजवळ गेला. चाकाच्या आत वाळलेला चिखल होता, त्याला एक हिरवा धागा चिकटला होता. त्यानं तो बोटानं काढला, लुंगीला पुसला, अन् मला विचारलं, चहा घेशील का?

मामाजी, त्याच दिवशी माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. पण चहा चांगला होता, अन् सोबत आलुबोंडा होता, अन् तेवढ्यात मनिषचा फोन आला की नाक्यावर रेड्यांची टक्कर लागली आहे. मी तिकडे गेलो. (टक्कर काही लागली नाही. दोघेही रेडे एकमेकांना पाहून चरायला लागले.)

पाचवं कारण मला कळलं ते मागच्या सोमवारी, सानगडीवरून येताना. धर्मेंद्रच्या घरी आमंत्रण द्यायला जायचं म्हणून बाबांनी मला सोबत नेलं होतं, म्हणजे मुलीचा भाऊ काहीतरी करते असं दिसावं. ऊन मरणाचं. गाडी येताना पूर्ण रस्ताभर ओरडत होती. गावात शिरलो अन् मला वाटलं आता घर. पण बाबांनी घर सोडून गाडी मागच्या वाटेनं काढली, थांबवली, खाली उतरले, डाव्या चाकाला तळहात लावला. जसा ते खैऱ्या बैलाच्या पाठीला लावत होते ना, तसाच. चटका बसला तसा हात झटकला अन् म्हणाले, तापली बिचारी. परत आत बसले अन् गाडी सरळ बोडीच्या पाण्यात घातली.

खोटं वाटत असेल तर येऊन पाहा, आमची बोडी या ओसरीतूनच दिसते, मधात फक्त दोन बाभळी आहेत. पाण्यात जायचा उतार तिरपा आहे, उजवीकडे धोबणीचा दगड आहे, त्याला चुकवून उतरायचं म्हणजे पुढचं डावं चाक सगळ्यात खोल जाते. ते गेलं. चुर्र असा आवाज झाला, वाफ आली, अन् मग चाकाजवळून बुडबुडे यायला लागले, एकामागे एक, मोठे मोठे. बाबा गुडघाभर पाण्यात धोतर वर खोचून उभे, चेहऱ्यावर असं समाधान की मला हर्षाच्या जन्माच्या वेळचे बाबा आठवले. (मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, म्हणजे आई सांगते ते आठवलं.) मला म्हणाले,

"पाह्य, कशी पानी पिऊन राह्यली."

मग धानाच्या तणसाचा बोळा करून त्यांनी गाडीला घासलं. आधी तोंड, मग पाठ, मग पाय, अगदी खुरापर्यंत, म्हणजे टायरापर्यंत. दीड तास. शिंगाड्याच्या वेली चाकाला गुंडाळल्या त्या हातानं सोडवल्या. मी विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, पोळ्यापासून, प्रत्येक बाजाराच्या दिवशी, अन् लांबून आलो की तेव्हाही.

म्हणजे बघा, बैलजोडी विकून गाडी घेतली, अन् पोळा आला. बाबांनी गाडीला बेगड लावून, झूल टाकून तोरणाखाली उभी केली होती ही गोष्ट मला हैदराबादेत फोनवर चार जणांनी सांगितली अन् आम्ही पोट धरून हसलो. पण तोरणाखाली नेण्याआधी बोडीत नेली, हे एकानंही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? पोळ्याला आंघोळ नाही तर काय घालायचं? तुमच्या हातात बारा वर्षं टिकलेलं कंपनीचं बेरिंग पोळ्यानंतर एका महिन्यात गेलं, नवरात्रात हेमराजने पहिलं नवं टाकलं, अन् तेव्हापासून आम्ही त्या गरीब माणसाच्या नावानं बोंब मारून राहिलो आहे. तापलेलं बेरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आखडते अन् सीलमधून पाणी आत ओढून घेते. मग ग्रीसची ताक-कण्या होते. हे ज्ञान माझं नाही, आता पुढे सांगतो कोणाचं.

मी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं, दोनदा सांगितलं, कागदावर चाक काढून दाखवलं. त्यांनी चित्र पाहिलं, म्हणाले, भाकर चांगली काढली. मग म्हणाले,

"तीस वर्षं बोडीत बैल धुतले. एकाही बैलाचं बेरिंग गेलं नाई."

यावर तुमच्याकडे उत्तर असलं तर कळवा. आईकडे गेलो तर ती म्हणाली, तू मधात पडू नको, ते बोडीवर असतात तेवढा वेळ घर शांत राहते. हर्षाकडे गेलो, तर तिला सगळं आधीच माहीत. तिनं धुणं धुताना शंभरदा पाहिलं होतं अन् बेरिंगचा संबंध तिनं हेमराजच्या तोंडून ऐकल्याबरोबर लावला होता. मी म्हटलं, मग बाबाले सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, मी सांगितलं तर बाबा म्हणतील पोरगी आतापासून त्याची वकिली करून राह्यली, अन् रविवारचे पाहुणे गुरुवारीच बोलावतील. तू सांग. मी म्हटलं, मी सांगितलं, माझी भाकर झाली. तेव्हा ती धुण्याची काठी खाली ठेवून म्हणाली,

"बाकी सगळ्या दुनियेचे बेरिंग खोलते, पण तोंडाचं बेरिंग जाम आहे त्याचं. तूच जाऊन सांग त्याले, का बोलायचं नसन तर रविवारी पोहे खायले ये म्हणावं, मी धर्मेंद्रले देऊन राह्यली तेव्हा उरलेले तुले देईन."

तिचं म्हणणं मी हेमराजपर्यंत पोचवलं. (पोह्याचं पोचवलं, वकिलीचं विसरलो.) तो जीपच्या खाली होता. खालूनच म्हणाला, मले पहिलं बेरिंग खोललं तेव्हाच समजलं होतं. ग्रीस पांढरं झालं होतं अन् आत शिंगाड्याच्या वेलीचा तुकडा निघाला. या भागात गाडीच्या बेरिंगात शिंगाडा एकाच घरचा निघू शकते. तापलेल्या चाकाचं अन् पाण्याचं ते सगळं त्यानं मला तिथंच, जीपखालून, समजावून सांगितलं. मी म्हटलं, अरे मग सांगत काहून नाहीस? तर तो बाहेर आला, हात पुसत बसला. म्हणाला, सासऱ्याले कोण्या तोंडानं सांगू का तुमच्या आंघोळीनं झालं? त्यायचा जीव आहे गाडीत. उद्या लग्न झालं तर जन्मभर म्हणतील, या पोट्ट्यानं मले चूक म्हटलं होतं. त्यापेक्षा मी दर खेपेले फुकट बेरिंग टाकून देतो.

पाहा मामाजी, काय हुशारी आहे. सासरा नाराज होऊ नये म्हणून जावयानं चूक स्वतःवर घेतली, अन् चूक स्वतःवर घेतली म्हणून सासऱ्यानं त्याला जावई करायचं नाकारलं. दोघेही एकमेकांचा मान राखून राहिले आहेत, अन् मधात माझी बहीण पतसंस्थेत जमा होऊन राहिली आहे.

तर तिन्ही बेरिंगचा खुलासा असा आहे. वाईट मेकॅनिक नाही, डुप्लिकेट माल नाही, रोड नाही, नजर नाही. प्रेम आहे. एवढं प्रेम लोखंडाला सोसत नाही. तुमच्या कंपनीच्या फॉर्मवर यासाठी रकाना नसला तर "इतर" मध्ये लिहा.

मामीला सांगा, मागच्या वेळचं आंब्याचं लोणचं संपलं. बरणी परत पाठवतो, मात्र तिचं झाकण मनिषकडे आहे, ते कसं गेलं ती मोठी गोष्ट आहे. तुमच्या टीनाताईला आशीर्वाद नाही, मी तिच्याहून लहान आहे, नमस्कारच. तिच्या पोरांना मात्र आशीर्वाद.

तुमचा भाचा,
प्रविण

ता. क. १ : खुलासा मागितला होता म्हणून दिला, पण हे पत्र त्यासाठी लिहिलं नाही. तुम्ही येत्या शनिवारी सकाळी इकडे या. रविवारच्या आत या. बाबा दुनियेत फक्त दोन जणांचं ऐकतात, त्यातला एक खैऱ्या बैल होता. तुम्ही गाडी बारा वर्षं वागवली आहे, तुम्ही बोडीवर उभं राहून सांगितलं तर त्यांना ऐकावं लागेल. सांगताना हेमराजचं नाव काढू नका, पहिले चाकाचं बोला, मग सहज म्हणा की पोरगा मोजून नट आवळते, असे आता राहिले नाहीत.

ता. क. २ : मी बोलावलं हे सांगू नका. सहज आलो म्हणा. (तुम्ही सहज कधीच येत नाही हे बाबांना माहीत आहे, तेव्हा काहीतरी कारण काढा. दोडक्याचं बी न्यायला आलो म्हणा, ते तसंही तुमच्याच नावाच्या पुडीत आहे.)

ता. क. ३ : लेखी आहे तर पूर्णच लेखी होऊन जाऊ द्या. वर मी तीन बेरिंग प्रेमानं गेले असं लिहिलं आहे. दोन लिहा. संक्रांतीला मी आठ दिवसांसाठी घरी आलो होतो अन् तीन आठवडे राहिलो. हेमराजने जुनं बेरिंग प्रेसवर काढून ठेवलं होतं, तेवढ्यात त्याला एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरवर जावं लागलं. जाताना म्हणाला, हात लावू नको, संध्याकाळी येऊन बसवतो. बाबा घरातून दर पाच मिनिटांनी ओरडून विचारत होते की झालं का (हेमराजच करतो आहे असं त्यांना वाटलं), अन् मी म्हटलं, दोन महिने आयटीआय केलं ते कशासाठी केलं? शेजारच्या घरून मुसळ आणलं. आतल्या कड्यावरच ठोकलं, कारण मुसळाचं तोंड तेवढंच होतं. नट जुना लावला अन् पान्यात पाइप घालून त्यावर उभा राहिलो, थोड्या उड्याही मारल्या. एकोणीस दिवस. त्या बेरिंगला मारायला बोडीची गरजच पडली नाही. हेमराजने ते खोललं तेव्हा बाबा समोर होते, मीही होतो. त्यानं आतले ठोके पाहिले, मला पाहिलं, अन् बाबांना म्हणाला की माहीच चूक असन. मी तेव्हा काय केलं? मी म्हटलं, बाबा, मी जरा नागपूरला जाऊन येतो. म्हणून म्हणतो मामाजी, तुम्ही या. हे सांगायला मला तुमच्या मागे उभं राहायचं आहे.

ता. क. ४ : पाकीट बंद करायच्या आत हे लिहावं लागून राहिलं. बाबा आत्ता बाजारातून आले अन् नेहमीसारखी गाडी बोडीत घातली, मी इथून पाहतो आहे. अन् आता रंभाबाई आली आहे. हेमराजची आई (पोराच्या तोंडून बोडीचं ऐकलं असणार), एकटी, भर उन्हात, अड्याळवरून ऑटोनं. बोलावणं नाही, निरोप नाही. आंगणात पाणी घेतलं नाही, बसली नाही, आईला विचारलं मारोतराव कुठे आहेत, अन् सरळ बोडीकडे चालली. आई मागे, हर्षा त्याहून मागे. मी पेन धरून इथंच आहे, कारण इथून ऐकू येते.

बाबा पाण्यात, हातात तणसाचा बोळा. त्यांना वाटलं लग्नाचं बोलायला आली, तोंड फिरवून त्यांनी बॉनेट घासायला सुरुवात केली. रंभाबाई धोबणीच्या दगडावर उभी राहिली. लग्नाचा शब्द काढला नाही. तिनं विचारलं,

"मारोतराव, तुमचा खैऱ्या म्हातारा झाला होता तेव्हा बाजारातून आल्या आल्या पान्यात नेत होते का त्याले?"

बाबा बोळा थांबवून म्हणाले, नाही, सांध्यात पाणी धरते म्हाताऱ्याच्या. दाराशी बांधून, दम खाऊ देऊन, मग ओल्या फडक्यानं पुसत होतो.

"मंग ही का जवान हाये? तेरा वर्षांची झाली."

मामाजी, इतकंच. बाबांनी बोळा बॉनेटवर ठेवला. मग ते आत बसले अन् गाडी मागे मागे घेत बोडीच्या बाहेर काढली. (डावं चाक अजून ओरडतेच, तेव्हा तुम्ही याल तेव्हा बेरिंग घेऊन या, अन् मला हात लावू देऊ नका.) बाभळीच्या सावलीत उभी केली. आता चाकाला हात लावून उकिडवे बसले आहेत. रंभाबाईला त्यांनी स्वतःचा दुपट्टा झटकून दगडावर टाकून दिला, बसायला.

मला हाक मारून राहिले आहेत. जातो. बादली अन् फडकं मागतात.